पुढची पायरी शोधणारी तपासणी

समजा, मुलुंडच्या एका घरातल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीची वयाच्या बाराव्या महिन्यात विकासाची तपासणी झाली. कागदावर लिहिलं होतं : विकासाचं वय 8 महिने, डीक्यू 67. ती अडीच वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कागद म्हणाला : विकासाचं वय 16 महिने, डीक्यू 53. मधल्या दीड वर्षात आईवडिलांनी आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओ, ओटी आणि स्पीच थेरपीच्या फेऱ्या केल्या, घरी रोज व्यायाम करून घेतले. आणि आकडा मात्र चौदानं खाली आला.

हा कागद हातात घेऊन बाहेर पडलेल्या आईवडिलांना वाटतं की मुलगी मागे गेली. प्रत्यक्षात ती खूप पुढे गेलेली असते. डीक्यू म्हणजे विकासाचं वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आठ भागिले बारा म्हणजे 67. सोळा भागिले तीस म्हणजे 53. पहिल्या तपासणीच्या वेळी ती आधाराशिवाय बसू लागली होती, खेळणं एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. आता ती चालते, हवी ती वस्तू बोटानं दाखवते, दोन-चार शब्द बोलते, ‘चप्पल आण’ म्हटलं की चप्पल आणते. आठ महिन्यांच्या विकासाची भर पडली आहे, फक्त ती पडायला अठरा महिने लागले. डीक्यू 67 वरच टिकवायचा असता, तर तिला तेवढ्या वेळात बारा महिन्यांची भर घालावी लागली असती. डाऊन सिंड्रोममध्ये पहिल्या काही वर्षांत हा आकडा खाली येणं नेहमीचं आहे, आणि त्याचा अर्थ शिकलेलं गमावलं असा होत नाही. हे तपासणी करणाऱ्यानं तिथल्या तिथे, कागद देतानाच सांगायला हवं. मला वाटतं, या सगळ्या विषयात पालकांना सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट म्हणजे हा न समजावलेला भागाकार आहे.

निदानाची आणि विकासाची, या दोन तपासण्यांची गल्लतही वारंवार होते. जन्मानंतर बाळाचे डोळे, मान, तळहातावरची रेघ, शरीराचा सैलपणा पाहून डॉक्टरांना शंका येते आणि रक्त गुणसूत्रांच्या, म्हणजे कॅरिओटाइप चाचणीला जातं. 1866 मध्ये लंडनच्या जॉन लँगडन डाऊन यांनी या स्थितीचं वर्णन केलं. तिच्या मुळाशी 21 व्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत असते, हे पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि मार्थ गोतिए यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून 1959 मध्ये जगापुढे आलं. सुमारे 95 टक्के मुलांमध्ये ही तिसरी प्रत सुटी असते, थोड्यांमध्ये ती दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते. हा प्रकार आईवडिलांकडून आलेला असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणाच्या सल्ल्यासाठी कॅरिओटाइप महत्त्वाचा. मुंबई, दिल्ली आणि बडोद्याच्या रुग्णालयांत नव्वद हजारांहून अधिक नवजात बाळांची पाहणी झाली होती. तिच्यात साधारण साडेअकराशे जन्मांमागे एक असं प्रमाण आढळलं. पण कॅरिओटाइप हे बाळ कधी बसेल, कधी बोलेल, काहीच सांगत नाही. अगदी एकसारखा अहवाल असलेल्या दोन मुलांतलं एक सव्वा वर्षात चालतं आणि दुसरं साडेतीन वर्षांनी.

मग बाळाचा विकास मोजायचा कशानं? आपल्याकडे पहिल्या अडीच वर्षांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे ‘डासी’, भारतीय बाळांसाठीची विकास-मापन श्रेणी. तिचं मूळ बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांची मापनपद्धती घेऊन प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बडोद्यातल्या बाळांवर वापरून पाहिली आणि इथली बाळं कोणती गोष्ट कोणत्या महिन्यात करतात याचे तक्ते बांधले. सुधारलेली आवृत्ती 1997 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या बालविकास केंद्रात डॉक्टरांना व मानसशास्त्रज्ञांना तिचं प्रशिक्षण मिळतं. तिच्यात हालचालींच्या 67 आणि आकलनाच्या 163 कृती आहेत. तपासणीच्या पेटीतून घंटा निघते, दोरी बांधलेली कडी निघते, लाल ठोकळे, आरसा, खुळखुळा, कप, खुंट्यांची पाटी, रंगीत खडू निघतात. कडी लपवली तर बाळ शोधतं का, दोरी ओढली की कडी जवळ येते हे त्याला उमगतं का, एका ठोकळ्यावर दुसरा ठेवतं का, हे पाहिलं जातं. हालचाल आणि आकलन यांचे डीक्यू वेगवेगळे निघतात, आणि ते वेगवेगळेच वाचले पाहिजेत. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल आणि सांधे लवचीक असल्यामुळे हालचालींचा आकडा सुरुवातीला बराच खाली असू शकतो. दोन्हींची सरासरी काढली, की चांगलं समजणारं, पण अजून न बसणारं बाळ त्या सरासरीत हरवून जातं.

दुसरी मोजपट्टी नागपूरची. अमेरिकेतल्या एडगर डॉल यांच्या व्हाइनलँड श्रेणीचं भारतीय रूप डॉ. ए. जे. मालिन यांनी साठच्या दशकात नागपुरात तयार केलं. आजही अनेक रुग्णालयांत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच श्रेणी काढली जाते. तिच्यात मुलाला काही करून दाखवायला सांगत नाहीत. घरच्यांना विचारतात : स्वतः खातो का, कपडे काढतो का, घरात एकटा वावरतो का, इतर मुलांत मिसळतो का. केरळात डॉ. एम. के. सी. नायर यांनी बडोद्याच्या तक्त्यांतून 17 कृती निवडून बनवलेला त्रिवेंद्रम तक्ताही लोकप्रिय आहे. त्याला पाच-सात मिनिटं पुरतात. पण तो चाळणी लावण्यासाठी आहे. ज्या बाळाचं निदान आधीच झालं आहे, त्याच्याबाबत तो ‘उशीर आहे’ एवढंच सांगणार, आणि ते घरात सगळ्यांना माहीत असतं. अशा बाळाला पूर्ण तपासणीच लागते.

पण पेटी उघडण्याआधी काही गोष्टी झालेल्या असायला हव्यात, आणि इथे मला आग्रहानं लिहावंसं वाटतं, कारण घाई नेमकी इथेच होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. छिद्र मोठं असेल तर बाळ दूध पितानाच दमतं, वजन धरत नाही, मान उचलायला त्याच्यात ताकद उरत नाही. शस्त्रक्रियेआधी घेतलेला हालचालींचा डीक्यू हा त्या दमलेल्या शरीराचा आकडा असतो. म्हणून टू-डी एको जन्मानंतर लगेच, बाळ ठणठणीत दिसत असलं तरीही. थायरॉइड जन्माच्या वेळी, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि मग दर वर्षी तपासायचा, कारण तो मंदावला की बाळ सुस्त होतं आणि ही सुस्ती ‘सिंड्रोममुळेच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. एका गोळीनं सुधारणारी गोष्ट महिनोन् महिने तशीच राहते.

कान तर सर्वांत फसवे. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साचतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. पावसाळ्यात सर्दी लागली की आणखी कमी. चारपैकी तीन मुलांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येऊ शकते. जन्मानंतरच्या ओएई किंवा बेरा चाचणीत पास झालेलं बाळही नंतर अडकू शकतं, म्हणून दोन्ही कानांचं ऐकणं नीट आहे अशी खात्री होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी उभी आहे. ज्या बाळाला नीट ऐकूच येत नाही, त्याला ‘बॉल कुठाय?’ विचारायचं आणि बॉलकडे पाहिलं नाही म्हणून आकलनाचे गुण कापायचे, हा त्या बाळावर अन्याय आहे. डोळ्यांचंही तेच. तिरळेपणा, मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर हे सगळं या मुलांत जास्त दिसतं. शिवाय कार्डिफ विद्यापीठात मार्गारेट वुडहाउस यांनी दाखवून दिलं आहे, की अनेकांना जवळच्या वस्तूवर डोळ्यांचा फोकस साधायलाच जड जातं. डासीतली बारीक गोळी चिमटीत उचलण्याची कृती अशा बाळासाठी बोटांइतकीच डोळ्यांचीही परीक्षा असते.

आता उशिराबद्दल. ‘थोडा उशीर होईल’ हे वाक्य पालकांना रुग्णालयातच ऐकवलं जातं, पण थोडा म्हणजे किती, हे सांगितलं जात नाही. आधाराशिवाय बसणं इतर मुलांत पाच ते नऊ महिन्यांत येतं, डाऊन सिंड्रोममध्ये सहा ते तीस महिन्यांत. एकट्यानं चालणं इतरांत नऊ ते अठरा महिन्यांत, इथे एक ते चार वर्षांत. दोन शब्द जोडून बोलणं दोन वर्षांपासून साडेसात वर्षांपर्यंत कधीही. पण ओळखीचा चेहरा पाहून हसणं? इतरांत एक ते तीन महिन्यांत, इथे दीड ते पाच महिन्यांत. म्हणजे सगळंच सारख्या प्रमाणात मागे पडत नाही. माणसांशी जोडणं लवकर येतं, पाय आणि जीभ मागून येतात. या रुंद पट्ट्यांत आपलं मूल कुठे आहे हे कळलं, तर शेजारच्या फ्लॅटमधल्या बाळाशी होणारी रोजची तुलना काही अंशी तरी थांबते.

बोलण्याचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. या मुलांना बोलता येतं त्यापेक्षा बरंच जास्त समजतं. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना अवघड जातं, पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. चित्र, हावभाव, हातवारे हा त्यांचा रस्ता आहे. म्हणून चांगली तपासणी शब्द मोजून थांबत नाही. बाळ टाटा करतं का, ‘नाही’ म्हणून मान हलवतं का, पाणी हवं असेल तर माठाकडे किंवा बाटलीकडे बोट करतं का, आईचं बोट धरून दाराकडे नेतं का, ही सगळी भाषाच आहे आणि ती कागदावर आली पाहिजे. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती अनेक आजी-आजोबांना वाटते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलट सांगतात : खुणा शब्दांना वाट करून देतात.

उपनगरांत भाषेचा आणखी एक पदर आहे. घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या इमारतीत घरी मराठी, शेजारी गुजराती, खाली वॉचमनशी हिंदी आणि थेरपीच्या खोलीत इंग्रजी चालते. अनेक पालकांना सल्ला मिळतो की मूल आधीच मागे आहे, एकच भाषा ठेवा, आणि ती बहुधा इंग्रजी सुचवली जाते. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी डाऊन सिंड्रोमची मुलं एकाच भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा इंग्रजीत मागे पडलेली दिसली नाहीत. आजीची मराठी तोडून मुलाचं काहीच भलं होत नाही, फक्त त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी होतं. तपासणीतही ‘बॉल’, ‘चेंडू’ आणि ‘दडो’ यांतला कोणताही शब्द मुलाला कळला, तरी गुण पूर्ण द्यायचा.

एडिंबरा विद्यापीठातल्या जेनिफर विशार्ट यांनी या लहान मुलांच्या चाचण्या थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा घेतल्या, तेव्हा दिसलं की आज सहज केलेली कृती मूल पुढच्या वेळी करत नाही, आणि आज न केलेली पुढच्या वेळी करतं. अवघड काम समोर आलं की काही मुलं ते टाळतात, आणि टाळण्याची त्यांची रीत फार गोड असते : तपासणाऱ्याकडे पाहून हसतात, टाळ्या वाजवतात, ठोकळा परत देऊन टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं, मूल खूश आहे. कृती मात्र राहून जाते. म्हणून एका दुपारच्या एका बैठकीवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे, आणि मूल चुकलं की टाळलं, हा फरक टिपणं हे तपासणाऱ्याचं खरं कसब आहे. जे टाळलं जातं ते काम छोट्या तुकड्यांत, यश मिळेल अशा रीतीनं मांडायचं असतं.

ही एक बैठकही मूल कोणत्या अवस्थेत देतं? मुंबईतली बरीचशी मोठी केंद्रं बेटाच्या बाजूला आहेत : परळचं वाडिया आणि केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, शिवडीची जय वकील संस्था. वकील दांपत्यानं 1944 मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या जय या स्वतःच्या मुलीसाठी घरात सुरू केलेल्या शाळेतून ती उभी राहिली. बोरिवली किंवा मुलुंडहून ओपीडीच्या वेळेला पोहोचायचं तर सकाळच्या गर्दीची लोकल, मग टॅक्सी किंवा बस, मग रांग. बाळाची झोपेची वेळ गेलेली असते, वरण-भात डब्यात राहिलेला असतो. अशा बाळाला अकरा वाजता ठोकळे रचायला सांगितले आणि त्यानं ते भिरकावले, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. पालकांनी न संकोचता सांगावं की आज झोप झालेली नाही, थोड्या वेळानं घ्या किंवा दुसरी तारीख द्या. हा हट्ट नाही, तपासणी खरी व्हावी यासाठीची अट आहे.

पेटीशिवाय करता येणारी एक पद्धत याच शहरात पारखली गेली, याचं मला फार मोल वाटतं. तुर्कस्तानातल्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी पालकांशी मोकळ्या गप्पांतून विकास समजून घेण्याची रीत विकसित केली. तुमच्या बाळाला काय हवं ते ते कसं सांगतं? तुमचं बोलणं त्याला किती समजतं? हात-पाय कसे वापरतं? माणसांशी कसं वागतं, काय खेळतं? ‘करतो का, नाही?’ असा हो-नाहीचा प्रश्न शक्यतो नाहीच. तुर्कस्तान, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथल्या जवळपास पाच हजार निरोगी मुलांवर तिचा अभ्यास झाला. भारतातलं काम मुंबईत, डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये स्थापन केलेल्या ‘उमीद’ या बालविकास केंद्रानं सांभाळलं, आणि निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. चारही देशांत बहुतेक टप्पे सारख्याच वयात येत होते. आईच्या तोंडून येणाऱ्या माहितीला किती वजन द्यायचं, हा प्रश्न या कामानंतर तरी मिटायला हवा.

मोकळ्या प्रश्नांतूनच घराचं चित्र येतं. दहा बाय बाराच्या खोलीत मोरी, शेगडी आणि पलंग यांच्यामध्ये जमीन किती उरते? असल्फ्याच्या टेकडीवर किंवा अंधेरीच्या चाळीत बाळ दिवसभर कडेवर किंवा पलंगावर असतं, कारण खाली ओल आहे, पायरी आहे, गॅस आहे. असं बाळ रांगत नसेल तर त्याला रांगायला जागाच मिळालेली नसते. चमच्यानं किंवा हातानं खाण्याचंही तसंच. सांडेल म्हणून आजी साडेतीन वर्षांपर्यंत भरवते, आणि नागपूरच्या श्रेणीत मुलाच्या नावापुढे शून्य पडतं. ‘येत नाही’ आणि ‘कधी करू दिलं नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसऱ्या नोंदीवरचा उपाय त्याच संध्याकाळी, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून सुरू होतो.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरला झाली. त्यातल्या जन्मदोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे आणि पुढच्या तपासण्या व थेरपीसाठी जिल्हा पातळीवर लवकर उपचारांची केंद्रं अपेक्षित आहेत. उपनगरांतल्या लाखो कुटुंबांसाठी अशी पुरेशी केंद्रं घराजवळ हवीत. रोज परळ गाठणं कोणत्याही थेरपीच्या वेळापत्रकात बसत नाही.

तपासणीच्या कागदावर काय असावं, हे पालकांनी मागून घेतलं पाहिजे. ‘ओटी, फिजिओ, स्पीच चालू ठेवा’ ही ओळ पुरेशी नाही. ‘बसताना दोन्ही हात पुढे टेकवतो; आता एका बाजूला खेळणं ठेवून त्या बाजूला हात टेकवायला शिकवा.’ ‘आईनं लपवलेली वाटी शोधतो, आता दोन कापडांपैकी एकाखाली लपवा.’ ‘सहा वस्तू नावानं ओळखतो, एकही नाव उच्चारत नाही, रोज जेवताना दोन खुणा.’ अशी वाक्यं हवीत. आत्ता काय जमतं, मदतीनं काय जमतं आणि पुढे लगेच काय येईल, या तिन्ही गोष्टी त्यांत असतात. मदतीनं जमणारी गोष्ट डीक्यूमध्ये मोजली जात नाही, पण शिकवणं तिथूनच सुरू होतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर पहिली दोन वर्षं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलं आहे ना, तेही पाहून घ्यावं. पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच व्यक्तीकडून.

एका बाबतीत मात्र सहा महिने थांबू नये. येणारी गोष्ट बाळ करेनासं झालं, हसणं कमी झालं, नजर मिळवणं थांबलं, किंवा झोपेतून उठताना मान आणि हात एकदम झटक्यानं आत वळून तेच काही वेळा लागोपाठ होऊ लागलं, तर तो लहान बाळांतल्या फिट्सचा एक प्रकार असू शकतो. डाऊन सिंड्रोममध्ये तो इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो आणि दिसायला पोटदुखी किंवा दचकण्यासारखा असतो. उशीर आणि घसरण या वेगळ्या गोष्टी आहेत. असे झटके मोबाइलवर चित्रित करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत आणि ईईजी लांबवू नये, कारण उपचार जितक्या लवकर तितकी मेंदूची वाढ वाचते.

मोबाइलचा उपयोग एरवीही करावा. घरी बाळ आजीशी कसं खेळतं, दारावरची बेल वाजली की काय करतं, ताटातला घास कसा उचलतं, याचे छोटे व्हिडिओ आणि त्याला समजणाऱ्या सगळ्या भाषांतल्या शब्दांची व खुणांची यादी तपासणीला जाताना बरोबर न्यावी. डॉक्टरांकडे वेळ कमी असेल, तर पेटी उघडण्याआधी ती यादी त्यांच्यासमोर ठेवावी.